आदेशात तान्हा पोळा नव्हता

अन्याय झाला तो तनूवर. वय नऊ, इयत्ता चौथी, मुक्काम सावंगी (मेघे). आणि तो झाला गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी. वडनेरात, म्हणजे तिच्या बापाच्या गावात, पोरं आपापले लाकडी बैल ओढत तोरणाखाली जमत होती, तेव्हा तनू सावंगीतल्या भाड्याच्या खोलीत टीव्हीसमोर बसून होती. टीव्ही बंद होता.

कोणी केला, असं विचाराल तर पंचाईत आहे. मी पत्रकं लिहिण्यात वाढलेली मुलगी. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय, दुसऱ्या ओळीत कोणी केला, शेवटी मागणी, खाली घोषणा. इथे दुसऱ्या ओळीत टाकायला मला माणूसच सापडेना. बापाने मारलं नव्हतं, आईने डांबून ठेवलं नव्हतं, न्यायाधीशांनी कायदा मोडला नव्हता. सगळे आदेशाप्रमाणे वागले होते. नियमात राहून, सह्या-शिक्क्यानिशी, एका पोरीचा सण खाल्ला गेला आणि पकडायला कोणाची कॉलर नाही! मला राग आला त्यापेक्षा जास्त कुतूहल वाटलं. हे नेमकं होतं कसं?

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळा बैलांचा आणि मोठ्यांचा. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. चाकांवरचा लाकडी बैल सजवायचा, तोरणाखाली उभा करायचा, मग घरोघरी न्यायचा आणि बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे बैलवाल्या पोराला मिळणारा खाऊ किंवा नाणं. शहरातली पोरं वाढदिवसाची वाट बघतात, आमच्याकडची या दिवसाची.

मी हिंगणघाटला एका छोट्या संस्थेत काम करते. दारूचं दुकान हटवा, रेशन द्या, बाईला मारणाऱ्याला अटक करा, अशा कामांसाठी रस्त्यावर असते. पण दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी रस्त्यावर नसते, संस्थेच्या मागच्या खोलीत असते. नवरा-बायको वेगळे झाले, मुलाचा ताबा एकाला मिळाला, तर दुसऱ्याला भेटीचा हक्क मिळतो. ही भेट कुठे घ्यायची? घरी घेतली तर भांडण, कोर्टाच्या आवारात घेतली तर मुलाच्या डोळ्यांसमोर बेड्या घातलेला माणूस जातो. म्हणून काही आदेशांत लिहिलेलं असतं, ‘संस्थेच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत’. ती प्रतिनिधी मी. पंखा लावायचा, पाण्याचा जग भरायचा, मामा-काकांना दाराबाहेर बसवायचं आणि कोपऱ्यात भिंतीसारखं बसायचं.

भिंतीला बरंच दिसतं. एका बापाच्या वाट्याला पोराचा वाढदिवस कधीच येत नव्हता, म्हणून तो दर भेटीला केक आणायचा. त्या पोराने माझ्यासमोर वर्षभरात इतके वाढदिवस केले की हिशेबाने आता त्याचं लग्न व्हायला हवं. एक आजी डब्यात रोडगे आणि वांग्याची भाजी घेऊन यायची आणि बाहेर बसलेल्या सुनेच्या भावालाही वाढायची. “खटला राहू दे बाजूले, पोटाचं काय?” म्हणायची. त्याने खाल्लंही. मग तोंड पुसून पुन्हा विरोधी पक्षात जाऊन बसला.

आणि उत्तरं! सहा वर्षांच्या एका मुलाला मी सहज विचारलं, “तुले कोणाकडे राहाचं हाये रे?” त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “कोण इचारून राह्यलं?” म्हणजे मी कोणाच्या बाजूची आहे ते आधी सांगा, मग उत्तर देतो. तेव्हापासून मी तो प्रश्न विचारणं सोडलं. जगातल्या सगळ्या मोठ्या माणसांना तोच एक प्रश्न येतो. कायदाही त्याच प्रश्नापाशी उभा आहे. मूल समजून-उमजून आवड सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती आवड विचारात घेऊ शकतं. घेऊ शकतं. घ्यायलाच हवी असं नाही, कारण शेवटी बघायचं ते मुलाचं हित. हेही एक वेळ पटतं. पण आवड कशाबद्दलची? आई की बाप, एवढ्याचबद्दल? भेट कधी, कुठे, कोणासमोर, याबद्दल मुलाला काही आवडनिवड असेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

आता तनू.

तिची आई वैशाली सावंगीच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. बाप प्रफुल्ल वडनेरला शेती करतो. तनूला विचारलं गेलं होतं आणि तिने ‘मम्मीकडे’ असं साफ सांगितलं होतं. ताबा आईकडे गेला, बापाला शनिवार मिळाले. पण शनिवारी ही मुलगी तोंडच उघडायची नाही. दप्तर मांडीवर घेऊन बसायची. प्रफुल्ल इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, चिप्सचं पाकीट तिच्यापुढे सरकवायचा आणि विचारायचा, “शाळा काय म्हणते?” ती काही नाही. “अभ्यास?” काही नाही. मग तोच बिचारा कपाशीबद्दल सांगत बसायचा, डवरणी झाली, बोंड धरलं, जणू काही ती कृषी सहायक होती.

बाहेर दोन्ही पक्षांनी आपापला निकाल लावून टाकलेला होता. वैशालीचा भाऊ म्हणायचा, “पाहा ताई, पोरीले बापच नको.” प्रफुल्लचा चुलतभाऊ चंदू म्हणायचा, “मायनं शिकवून धाडली हाये.” दोघांच्या हातात मोबाइल. खिडकीच्या एका फटीतून हा शूटिंग करायचा, दुसऱ्या फटीतून तो. पुरावा म्हणून.

मला दोघांचंही पटत नव्हतं. नको असलेल्या माणसाकडे मूल पाठ करून बसतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तनू पाठ करत नव्हती. प्रफुल्ल कपाशीचं सांगायचा तेव्हा ती ऐकायची. एकदा त्याने बोंडअळीचं नाव काढलं तर तिच्या कपाळावर आठी आली. मग बोलत का नव्हती?

गेल्या वर्षी तान्हा पोळा झाला आणि त्यानंतरच्या भेटीत प्रफुल्ल खुर्चीवर बसतो न बसतो तोच तनू म्हणाली,

“कोणी नेला?”

प्रफुल्ल दचकला. “काय?”

“माह्या बैल. पोळ्यात कोणी नेला?”

“मी.”

“तू?”

“मंग कोण नेईन? साऱ्याईचे बैल भायेर अन् तुह्या एकटा घरात कोंडून ठिवू का?”

“मोठ्या माणसाईनं नसते नेत!”

“मले मालूम नाई का? सारे हासले. सरपंच म्हने, का गा प्रफुल्ल, कोण्या वर्गात हायेस? पोट्ट्याईच्या लायनीत उभा केला मले. बोजारा बी देला.”

“तू घेतला?”

“घेतला. चाकलेट होतं.”

“थे माह्यं होतं!”

आणि ती रडायला लागली. रागाने. मी भिंत असल्याचं विसरून हसत होते. तो सहा फुटी माणूस पोरांच्या रांगेत दोरी धरून उभा आहे, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. प्रफुल्लही हसू आणि रडू यांच्या मधोमध कुठेतरी होता. खिशातून त्याने तेच चॉकलेट काढलं. उन्हाने पार वितळून पुन्हा घट्ट झालेलं. तनूने हात पुढे केला आणि तेवढ्यात तिची नजर खिडकीकडे गेली. चंदूचा मोबाइल. हात मागे, तोंड बंद, दप्तर मांडीवर.

मी बाहेर गेले. “बंद करा ते.”

“ताई, पुरावा हाये.”

“कायचा?”

“पोट्टी बापासंग बोलली त्याचा.”

“अहो, तुम्ही पुरावा घेऊन राह्यले म्हणून तं ती गप झाली!”

चंदूला ते कळलं नाही. मलाही त्या वेळी अर्धंच कळलं. भेट संपली, वैशालीला यायला उशीर होता, तेव्हा मी तनूजवळ बसले आणि विचारलं, “तू पप्पाशी काऊन बोलत नाईस?”

ती म्हणाली, “बोललं की तारीख लागते.”

आधी समजलं नाही. मग तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. आमच्या खोलीत येण्याआधीच्या भेटींत, बाप तिला गाडीवरून बाहेर न्यायचा तेव्हा, ती त्याच्याशी खूप बोलायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, मम्मीची ड्युटी लांबली होती, मी शेजारच्या काकूकडे जेवली. पुढच्या महिन्यात ते वाक्य बापाच्या अर्जात होतं, ‘आई मुलीची हेळसांड करते’. कोर्टात तारीख लागली. एकदा घरी येऊन आईला सांगितलं, पप्पाच्या गाडीचं ब्रेक लागत नाही. ते आईच्या अर्जात गेलं, ‘मुलीच्या जिवास धोका’. पुन्हा तारीख. तारीख म्हणजे मम्मीची सुट्टी कापली जाणार, मामा चिडणार, पप्पा काळवंडून जाणार. म्हणून तिने ठरवलं, बोलायचंच नाही. दोघांपैकी कोणी तिला नकोसं नव्हतं. दोघांच्याही वाट्याला तारीख येऊ नये म्हणून ती गप्प बसत होती. आणि त्या गप्प बसण्याचंच आम्ही सगळे शूटिंग करत होतो.

मी विचारलं, “मंग तुले काय पाहिजे?”

“कोणाले सांगशीन?”

“तू म्हणशील त्यालेच.”

थोडा वेळ तिने मला जोखलं. “राहाचं मम्मीकडेच. माही शाळा तिथं हाये. पण तान्हा पोळा वडनेरलेच. अन् चंदूकाका नको. अन् इथं नको, इथं वास येते.”

वास येतो हे खरं होतं. मागच्या खोलीत आम्ही जुने फलक आणि रंगाचे डबे ठेवायचो. ते मी दुसऱ्याच दिवशी हलवले. बाकीच्यासाठी, तनूला विचारून, वैशालीच्या वकिलांकडे गेले. माणूस भला. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “आदेशात पोळा नाही हो. गणपती आहे. दोन-तीन दिवसांचा तर फरक. गणपतीत नेऊ द्या त्याला.”

“त्याच्या घरी गणपती बसत नाही.”

“मग बसवा म्हणावं.”

ते गंमत करत होते, पण मला गंमत सुचेना. मी संस्थेकडे आलेले भेटीचे आदेश काढून बघितले. दुसरा-चौथा शनिवार, अर्धा गणपती, अर्धी दिवाळी, अर्धा उन्हाळा. गाव कोणतंही असो, घर कोणाचंही असो. एका बौद्ध कुटुंबाच्या आदेशातही गणपती होता, आणि ज्या जयंतीसाठी त्यांची पोरगी महिनाभर लेझीमचा सराव करते ती नव्हती. हा मजकूर आला कुठून? वकिलांनाच विचारलं. त्यांनी तो एका ज्येष्ठ वकिलांकडून घेतला होता, ज्येष्ठांनी पुण्याच्या कोणाकडून. नावं बदलायची, गाव बदलायचं, सण तेच. वडनेरच्या पोरीचं वर्ष कुठल्या तरी पुण्यातल्या पोराच्या मापाने बेतलेलं होतं! दुसऱ्या ओळीत टाकायचा आरोपी मला तेव्हा सापडला. त्याला कॉलर नव्हती, एवढंच.

तनूच्याच परवानगीने मी प्रफुल्लला सगळं सांगितलं आणि त्याने आदेशात बदलासाठी अर्ज दिला. मॅडमनी, म्हणजे न्यायाधीशांनी, तनूला एकटीला आपल्या दालनात बोलावलं. मी बाहेर बाकावर. बाहेर आल्यावर तनूने वृत्तांत दिला.

“मॅडम म्हने, बेटा, कोणाकडे राहाचं हाये? मी म्हटलं, थे तं मांगच्या वक्ती सांगतलं. आता दुसरं इचारा.”

“अगं बाई! मग?”

“हासल्या. मंग म्हने, काय इचारू? मी म्हटलं, पोळ्याचं इचारा.”

“विचारलं?”

“हो. लिहून घेतलं. मंग घंटी वाजवली.”

मॅडमनी ऐकलं, याचं मला आजही बरं वाटतं. पण ऐकणं वेगळं, आदेश होणं वेगळं. वैशालीच्या बाजूने लेखी म्हणणं यायचं होतं, मग त्यावर युक्तिवाद, मधे वकील आजारी. यंदाचा पोळा तोंडावर आला आणि पुढची तारीख पडली पोळ्यानंतरची.

एकच वाट उरली, पुरसिस. दोन्ही पक्षांनी सह्या करून कोर्टाला द्यायचं साधं निवेदन, की एवढ्या गोष्टीपुरतं आमचं जमलंय. प्रफुल्लने सही लगेच केली. वैशालीची सही आणायला मी सावंगीला गेले.

“ताई, तुम्ही कोणाच्या बाजूनं हाये?” तिने चहा ठेवता ठेवता विचारलं.

“तनूच्या.”

“सारे तेच म्हणतात.”

तिची भीती खोटी नव्हती. भांडण सुरू झालं तेव्हा दिवाळीपुरती म्हणून नेलेली तनू शाळा उघडली तरी परत आली नव्हती, पोलिस घेऊन आणावी लागली होती. वैशाली म्हणाली, “एकदा त्या गावात गेली की सारं गाव एक होते. मी एकटी काय करीन? माह्याकडून पोरगी गेली तं तुमचं पत्रक मले पोरगी वापस आणून देईन का?”

  पलंगावर गृहपाठ करणारी तनू वर न बघता म्हणाली, “तू बी चाल न मंग.”

“मी? त्या गावात?”

“घरात नको येऊ. शाळेपाशी बस. मी दिसीन तुले तिथून.”

वैशालीचं गॅसकडे लक्षच राहिलं नाही. चहा उतू गेला. मग म्हणाली, “लिहा ताई, मी संगं जाईन. अन् त्याच दिवशी, सांच्याच्या बसनं वापस.”

ती अट घेऊन मी वडनेरला गेले. प्रफुल्लचा मोठा भाऊ उसळलाच. “कोर्टात उभं केलं हिनं आपल्याले, अन् आता पोळा पाहाले येते?”

प्रफुल्ल बैलाचं चाक बसवत होता. मान खाली ठेवूनच म्हणाला, “पोळा पाहाले नाई येत ते. पोरीले वापस न्याले येते. मांगं आपण धाडली नोती, म्हणून येते. येऊ दे.”

 चंदूचा मोबाइल प्रफुल्लने माझ्यादेखत मागून घेतला.

तान्ह्या पोळ्याला आम्ही तिघी गेलो. वैशाली शाळेच्या कंपाउंडला टेकून, पर्स पोटाशी धरून बसली. बाया येता-जाता बघत होत्या, कोणी बोलेना. थोड्या वेळाने सासूने एका पोरीच्या हातून चहा पाठवला. वैशालीने तो बाजूला ठेवला, आणि पार थंड झाल्यावर प्यायली. तनूच्या बैलाचं एक चाक कुरकुरत होतं. बक्षीस लाइटिंगवाल्या बैलाला मिळालं, त्यात बॅटरी होती. तनूने परीक्षकाला, म्हणजे सरपंचांना, तोंडावर विचारलं, “बैलाले देता का बॅटरीले?” प्रफुल्ल दूर, हाताची घडी घालून उभा होता. तिच्याजवळ तो एकदाच गेला, दोरीची गाठ सुटली तेव्हा. दोघं वाकून त्या गाठीशी काहीतरी बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही आणि या वेळी ऐकू आलं नाही याचाच आनंद झाला. ते आता कुठल्याही अर्जात जाणार नव्हतं.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळच्या बसला प्रफुल्लने आम्हा तिघींना आणून सोडलं. वैशालीने त्याच्याकडे बघितलं नाही, पण तनूचा बोजारा मोजताना पडलेलं नाणं त्याने उचलून दिलं ते तिने घेतलं.

बसमध्ये मी तनूला म्हटलं, “झालं न तुझ्या मनासारखं?”

ती म्हणाली, “पुढच्या वर्षी कोणाले सांगा लागन?”

 पुरसिस एका वर्षापुरती. अर्ज अजून चालूच आहे, तारखा पडतायत. पुढच्या वर्षी मी या कामात असेन की नाही, मॅडमची बदली झालेली असेल की नाही, कोणाला ठाऊक! एका दिवसासाठी या मुलीला दोन वकील, एक न्यायाधीश, आई, बाप, काका आणि मी, इतक्यांना समजावावं लागलं होतं. आणि तिने गृहीत धरलं होतं की दर वर्षी एवढंच करावं लागणार.

म्हणून आता मागणी. ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. हा अंक हातात घेतलेल्या प्रत्येकाच्या भावकीत, सासरी, शेजारी असं एक तरी घर आहे. तुम्ही त्या मुलाचे मामा आहात, आत्या आहात, आजोबा आहात, किंवा सरळ आई-बापच आहात. ‘आई पाहिजे की बाबा’ हे त्याला पुन्हा विचारू नका. ते सांगून झालंय. त्याला विचारा, तुला कोणता दिवस पाहिजे, कुठे पाहिजे, कोण समोर नको. तो बोलेल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि ऐकलेलं वकिलाच्या कानावर घालू नका. फक्त तो दिवस, त्याच्या शब्दांत, कागदावर घ्या. एका वर्षापुरता नको, कायमचा. दोघांची सही लागते. एक सही तुमची असेल तर आज करा. तुमची नसेल तर ज्याची आहे त्याच्या दारात जाऊन बसा, आणि घेतल्याशिवाय उठू नका.